पितळी पत्रा, एक नग

नोकरीत पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले आणि बहुतेक विसरूनही गेले. हा एक विसरता येत नाही, कारण यात खरी चूक माझी होती.

कोल्हापूर जिल्ह्यात मी नवीकोरी फौजदार. टोपी डोक्यापेक्षा मोठी, आणि डोक्यात जागाच जागा. महायुद्धात घरदार सुटलेले पोलंडचे लोक तिथल्या छावणीत काही वर्षं राहिले होते. जाताना आपली मेलेली माणसं आमच्या मातीत ठेवून गेले. त्यांच्या कबरींवरचे नावांचे पितळी पत्रे चोरीला जाऊ लागले. खबऱ्याने टीप दिली, "मॅडम, एक बाई दुपारची बोचकं घेऊन तिकडं फिरती."

सापळा लावला. पन्नाशीची दूधवाली सापडली. बोचक्यात तांब्या, घासणी, झेंडूची फुलं. पण घरझडतीत पेटीतल्या साडीत गुंडाळलेला एक पत्रा मिळाला. मी खूश! दिवसभर तिला ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं.

"पत्रा का काढलास?" आईच्या वयाच्या बाईला मी असं विचारत होते.

"चोर न्यायच्या आदी मीच काढला, बाईसायेब. सोनीचा हाय त्यो."

"कोण सोनी?"

"माजी मैतरीण. छावणीत आईसंगं दूध घालाय जायची मी. तापानं गेली, नऊ वर्साची. तिचं खरं नाव माज्या तोंडात बसंना, म्हणून सोनी. तिची आई जाताना हातवारं करून सांगून गेली, हिला बघ म्हणून."

"मग वाचून दाखव नाव."

"वाचाय येत असतं तर पत्रा कशाला जपला असता?"

हवालदार पाठ फिरवून हसला. मी त्याच्यावर डाफरले.

दोन दिवसांनी एक भंगारवाला बाकीच्या पत्र्यांसह सापडला. बाईवरचा आळ गेला, पण ती ठाण्यात येऊन हात पुढे करून उभीच राहिली. "माजा पत्रा द्या की. तिच्याकडचं कोन आलं तर काय दावू?"

मी ऐटीत म्हणाले, "मुद्देमाल आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळत नाही."

खटला रेंगाळला, माझी बदली झाली. काही वर्षांनी चौकशी केली, तर बेवारस मुद्देमालाचा लिलाव होऊन गेला होता. घेणारे भंगारवालेच. चोराला जमलं नाही ते आम्ही शिक्का मारून केलं. आणि बेवारस का? पंचनामा माझ्याच टपोऱ्या अक्षरात होता: 'परकीय अक्षरे असलेला पितळी पत्रा, एक नग.' लांबी, रुंदी, वजन, चार भोकं. मालकाच्या रकान्यात 'अज्ञात'. पत्र्यावर नाव कोरलेलं असताना! ती अक्षरं उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. दूधवालीला हे सांगायला जायचा धीर मला कधीच झाला नाही.

आता मी लेकीकडे जपानात, त्सुकुबाला असते. इथली माणसं बादली आणि पळी घेऊन आपल्या माणसांच्या कबरी धुतात. ते दिसलं की मी रस्त्यावरच्या सायकलींकडे बघत पुढे चालू लागते.

परवा लेकीच्या संशोधन संस्थेतली पोलंडची मुलगी चहाला आली. मिरवायची खोड जुनीच, मी कोल्हापूरच्या कबरींचं सांगून बसले. तिने कप खाली ठेवला, वही काढली. लेकीने तिचा प्रश्न मराठीत सांगितला, "आई, ती विचारतेय, त्या मुलीचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं लोकांना नाव-गाव विचारण्यात गेली माझी. मी तिला पत्र्याची लांबी सांगितली. रुंदीही सांगितली.

तिने वही मिटली नाही. पेन धरून वाट बघत राहिली.