आतल्या खोलीतली सई

“सिस्टर, तुम्ही सईला शिवून आलात ना? मग करंड्याला हात लावू नका.”

कुवेतमधल्या सालमियातल्या त्या फ्लॅटमध्ये, तिळगूळ आणि भरजरी साड्यांच्या मधोमध, हळदीकुंकवाच्या यजमान वहिनी मला हे म्हणाल्या. मोठ्याने. सगळ्या बायकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. वहिनींना उलट कुंकू लावायला पुढे केलेला हात आपोआप मागे आला.

त्या आपोआपचा राग मला अजून येतो. गावात माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तीही असाच हात मागे घ्यायची. मला वाटलं होतं, नर्सिंग केलं, कुवेतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आता ते सगळं सुटलं. कसलं सुटतंय!

बोलावलं वहिनींनीच होतं. सुट्टीवर गेले की मी आमच्याकडे मराठवाड्यात, वस्त्यांवरच्या पोरींना शरीराबद्दल शिकवते. पाळी, दिवस कसे जातात, आजार कसे टाळायचे, नको असेल तेव्हा नको कसं म्हणायचं. फुकट. हे वहिनींच्या कानावर गेलं आणि त्यांचा फोन आला.

“आमच्या मुलींनाही सांगा ना. शुक्रवारी हळदीकुंकू आहे, सगळ्या येतीलच. फक्त स्वच्छतेचं सांगा हं. बाकीचं तुमच्या गावाकडच्या मुलींना ठीक आहे.”

तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. पण मुली येणार होत्या. मी राहते त्या फिंतासहून टॅक्सी करून गेले.

हॉलमध्ये मुली होत्या, वहिनींची सई नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, “तिची अडचण आहे. आत बसवलंय.”

पाळीवर बोलायला नर्स बोलावली, आणि जिला पाळी आली तीच पोर खोलीत! वहिनी बँकेत नोकरी करतात. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी आत गेले. सई जमिनीवर चटई टाकून बसली होती. पलंग मोकळा. ताट-वाटी वेगळी. पोटाशी उशी घट्ट धरलेली. मी तिचा हात हातात घेतला, तिने झटक्यात सोडवला.

“डोन्ट टच मी, आंटी. मम्मी ओरडेल.” मग हळूच म्हणाली, “इज समथिंग राँग विथ मी?”

वस्तीवरच्या पोरीही हेच विचारतात. मराठीत विचारतात, एवढाच फरक.

“तुझं काहीही चुकलेलं नाही,” मी म्हटलं. बाहेर आले आणि ते करंड्याचं ऐकलं.

हात मागे आला. पण तोंड उघडलं.

“शिवले मी तिला, वहिनी. परत शिवणार आहे. शिकवायचं तर तिच्या खोलीतच शिकवीन. आणि सगळं शिकवीन.”

“तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही चालत.”

तुमच्यात. सगळ्यांना कळलं. एकीने तिळगुळाचा डबा पुढे सरकवला. शिकलेल्या बायका होत्या सगळ्या.

मी आत जाऊन सईच्या चटईवर बसले. दार उघडंच ठेवलं. थोड्या वेळाने एक मुलगी उठून आली. तिच्या आईने हाक मारली, ती वळली नाही. बाकीच्यांची मनगटं आयांनी धरून ठेवली होती.

दोघींना शिकवलं. पाळी का येते इथपासून सुरुवात केली. अंगाला हात लावलेला आवडला नाही तर नको म्हणायचं, समोर कुणीही असो, हे सांगितलं तेव्हा सईने विचारलं, “मम्मीने इथे बसवलं तरी नो म्हणायचं?”

“म्हणायचं.”

वहिनी दारातच उभ्या होत्या. “बास. निघा तुम्ही.”

निघाले. सईने या वेळी हात सोडला नाही, मलाच सोडवावा लागला. त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. इतर घरांतून येतं, तेही अटी घालून. हे नको, ते नको, वरवरचं सांगा. चीड येते. पण आता अट माझी असते. कुणीही बोलावलं की पहिला प्रश्न विचारते, “आत कुणाला बसवलंय?” मी तिथूनच सुरुवात करणार. ज्यांना माझ्या हाताचा विटाळ होतो त्यांनी आपला करंडा उचलून ठेवावा. हात मी मागे घेणार नाही.