खिशात किल्ली असलेला मुकादम

उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या त्या बाईला नातेवाईक माघारी 'कात्री' म्हणत. कापडापेक्षा माणसंच जास्त कापते म्हणून! तिचा थोरला चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचा दादा. म्हातारपणी त्याला घराण्याचा इतिहास लिहायची हुक्की आली. इतिहास कसला, आपल्याच हाताने आपलाच ढोल.

"आपले खापरपणजोबा दोरखंडाच्या कारखान्यात मुकादम होते," तो सांगे. "अठराशे ऐंशीच्या सुमारास दहा दरोडेखोरांशी एकटे लढले आणि धारातीर्थी पडले!"

कात्रीच्या लहानपणी दरोडेखोर चारच होते. दर लग्नकार्यात एकेक वाढत गेला.

दादाला घराच्या दर्शनी भिंतीवर खापरपणजोबांची संगमरवरी पाटी लावायची होती. ते कुठे पडले ती जागा पाटीवर हवी, पण त्याचे गुडघे दुखत. "तू रिकामीच असतेस, बघून ये," तो म्हणाला. रिकामी! कात्रीने ओठ आवळले आणि ती निघाली.

नदीकाठी कारखान्याची लांबलचक शेड अजून उभी होती. काथ्याची धूळ, डांबराचा वास. एक म्हातारा दोरवाला मागे मागे चालत दोराला पीळ घालत होता. तिने इथे मारल्या गेलेल्या मुकादमाची, आपल्या खापरपणजोबांची चौकशी केली, तसा तो जागीच थांबला.

"तो मुकादम तुमचा?"

"हो. दरोडेखोरांनी मारलं त्यांना."

"बाई, इथे दरोडा घालून नेणार काय? काथ्या?"

त्याने तिला मागे, डांबराच्या खोलीच्या जुन्या चौकटीपाशी नेलं. गंजलेली कडी बाहेरच्या बाजूने होती.

"कामगारांनी मध्येच उठू नये म्हणून तुमचा मुकादम बाहेरून कुलूप घालायचा. एका दुपारी डांबराची कढई पेटली. आत पाच बायका होत्या, दार बडवत होत्या. मुकादम किल्ली खिशात घालून मालकाची परवानगी आणायला गेला."

"परवानगी?" कात्रीने विचारलं. "मिळाली?"

"मिळाली की. आधी माल काढा, म्हणून. तो परत येईपर्यंत पाचही जणी संपल्या होत्या. त्यातल्या एकीचा नवरा म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप. त्याने पहार उचलली आणि इथे, या उंबऱ्यावर, मुकादमाचं डोकं फोडलं. पळाला नाही, फासावर गेला. मागे राहिलेलं पोर शेजाऱ्यांनी वाढवलं."

कात्रीने कडीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. आपल्याच नाकाडोळ्यांचा कुणी इथून शेपूट हलवत मालकाकडे गेला होता.

दादाने सगळं ऐकलं. "ऐकीव गोष्टी!"

"आणि आपली काय, तू डोळ्यांनी पाहिलीस?"

"हे बघ, तो काळच वेगळा होता. माणूस शिस्तीचा होता."

घटकेपूर्वीचा वीर बघता बघता शिस्तीचा झाला. "दादा, माणसं जळत असताना साहेबाला विचारायला जातो, त्याला शिस्तीचा नाही म्हणत. त्याला लाचार म्हणतात."

"घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस!"

पाटीचं अनावरण ठरल्या दिवशीच झालं. कात्री आली ती दोरवाल्याला घेऊन, आणि त्याला तिने पंगतीच्या पहिल्या रांगेत बसवलं. दादाने भाषण मध्येच थांबवून हसून विचारलं, "आपण कोण?"

"दरोडेखोराच्या घरचा," दोरवाला म्हणाला.

लोक हसले. मग कात्री उभी राहिली आणि कुलूप, कढई, परवानगी, सगळं सांगून मोकळी झाली. कुणी हसलं नाही. भाचे-पुतणे ताटात बघत राहिले. एका सुनेने तेवढे डोळे पुसले. दादा खाकरला, कागद सरळ केला आणि दहा दरोडेखोरांपासून भाषण पुन्हा सुरू केलं. टाळ्याही पडल्या, जेवण त्याच्याकडचं होतं ना!

त्यानंतर कात्री दादाच्या घराची पायरी चढली नाही. त्या पाच बायकांची नावं तिला हवी होती. दोरवाल्याला एकच ठाऊक होतं, आपल्या घरातलं. मग ती दोरवाल्यांच्या गल्लीत दारोदार विचारू लागली. काहींनी मुकादमाचं रक्त म्हणून तोंडावर दार लावलं. तिने ते रास्तच मानलं आणि पुढचं दार वाजवलं. आणखी दोघींची नावं मिळाली आहेत.