गादीवरचा ओला डाग

माझं बोलणं ऐकताना त्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेल्याला दोनाने भागायचं, हे आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. मी यमुनेत मगर पाहिलेली आहे. पुलावरच्या धुक्यात मी एकदा गाडी नुसत्या वासावर चालवत नोएडाच्या ऑफिसात पोचलेलो आहे. असल्या माझ्या गोष्टी लोक पोह्यांबरोबर खातात आणि विसरतात. पण पुढे जे लिहितोय त्यात मधलं एक वाक्य अगदी मापात आहे. भरल्या बैठकीत मी एका पंचाहत्तरीच्या माणसाला असं भासवलं, की त्याने बसल्या जागी कपड्यात लघवी केली. आणि त्याने ते खरं मानलं.

केली होती माझ्या मांजरीने.

ही मांजर आम्ही नोएडातल्या एका बाईंकडून आणली. त्यांच्या दोन खोल्यांत चौदा मांजरी होत्या. मला चाळीस दिसल्या, पण बायको म्हणते चौदा. आमची सगळ्यात कोपऱ्यात, कपाटावरच्या सुटकेसमागे बसलेली. तिचे आधीचे मालक भाड्याचं घर सोडताना तिला बाल्कनीत कोंडून गेले होते. बाई म्हणाल्या, “देखिए, बाकी सब ठीक है, बस घबराती बहुत है. टाइम दीजिए.” मी म्हटलं, “बिल्कुल.” बिल्कुल हा शब्द मी दिल्लीत आल्यावर शिकलो आणि तेव्हापासून एकदाही खरा वापरलेला नाही.

घरी आल्यावर प्रश्न आला, तिचा वाळूचा ट्रे कुठे ठेवायचा. म्हणजे प्रश्न आलाच नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात घराचा नकाशा जन्मतःच छापून येतो. पाहुणे पुढे, देव मध्ये, आणि ‘ते’ सगळं मागे, दार लावून. ट्रे गेला मागच्या बाथरूममध्ये, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. वर झाकण, कारण दिसायला नको. आत गुलाबाच्या वासाची वाळू. आणि सकाळ-संध्याकाळ मी तो फिनेलने असा घासायचो, की बाथरूमच्या दारातून नुसतं डोकावलं तरी माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. आपण मांजरीला राणीसारखं ठेवलंय असं मला मनापासून वाटत होतं.

चौथ्या दिवशी तिने हॉलमधल्या गादीवर शू केली. मग माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत. मग इस्त्री करून आलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यावर, सगळ्यात वरच्या, पांढऱ्या. आमच्या टाकीत सकाळी जेवढं पाणी येतं त्याच्यापेक्षा जास्त त्या महिन्यात त्या तीन किलोच्या जिवातून आलं. मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या. एकदा मी तिला मानगुटीला धरून तिचं नाक त्या ओल्यावर घासलं. लहानपणी आमच्याकडे असंच करत. त्यानंतर ती दिवसभर फ्रिजमागून निघाली नाही आणि शूही केली नाही. दुसऱ्या दिवशी घाबरून डॉक्टरकडे नेली. तपासणी झाली, इन्फेक्शन नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “डांटिए मत. देखिए किस चीज़ से डर रही है.” मी मान हलवली आणि येताना फिनेलची मोठी बाटली घेतली.

दर आठवड्याला त्या नोएडाच्या बाईंचा फोन यायचा. “बॉक्स यूज़ कर रही है ना?” मी म्हणायचो, “बिल्कुल.” म्हणजे ज्या एका माणसाला उपाय माहीत होता, नेमकं त्यालाच मी सगळं आलबेल असल्याचं सांगत होतो.

आता रविवारची बैठक. आम्ही चार जण, आमच्याच हॉलमध्ये, जमिनीवर गादी, वर पानिपतचा जाड खेस, म्हणजे सुती चादर, पोहे, आणि मेंढीकोटाचे डाव. एक नोएडात आयटीत, मूळचा ठाण्याचा. एक वसईचा, ख्रिश्चन, टीव्हीच्या ऑफिसात रात्रपाळ्या करून आलेला, त्यामुळे कायम जांभया देणारा. आणि काका. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, काकू गेलेल्या, मुलगा-सुनेबरोबर शेजारच्या पॉकेटमध्ये, म्हणजे इमारतींच्या पलीकडच्या गटात, राहायचे. त्यांची जागा भिंतीकडची, पाठ टेकायला. मागच्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं सगळ्यांना माहीत होतं.

या बैठकीत मी सांगून ठेवलं होतं, की मांजर मी तीन दिवसांत शिकवली. नुसत्या आवाजावर.

“म्हणजे काय आवाज काढतोस?” वसईकराने विचारलं होतं.

“खर्जातला. ती उठते, बाथरूममध्ये जाते, दार ओढून घेते. फ्लशपर्यंत हात पोचत नाही, एवढंच राहिलंय.”

“आमच्या नातवाला पाठवतो तुझ्याकडे,” काका म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

नोव्हेंबरातला रविवार. हवा अशी, की खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. सगळ्यांची नाकं चोंदलेली. मंडळी यायच्या तासभर आधी मांजर गादीवर गेली, काकांच्या कोपऱ्यात, आणि माझ्याकडे बघत तिने तिथेच शू केली. बायको कांदा चिरत होती. मी तिला सांगितलं नाही. गादी उलटी केली, वर खेस पसरला, गुलाबपाणी शिंपडलं. ज्याने कधी कापसाची गादी उलटी करून त्यावर सत्तर किलोचा माणूस बसवलाय, त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी ऐकावं: ओल वर येते.

दोन डाव झाले. काका उठले. पांढरा पायजमा. ठाणेकराची नजर आधी खेसावर गेली, मग पायजम्यावर, मग घाईघाईने पत्त्यांवर. काकांचा हात मागे गेला आणि तिथेच थांबला. त्यांच्या दुसऱ्या हातातली हुकमाची राणी मला अजून दिसते.

घर माझं, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मला तीन शब्द बोलायचे होते: मांजरीने केलंय काका. पण ते बोललो असतो तर खर्जातला आवाज, ओढून घेतलेलं दार, फ्लश, सगळं त्या गादीत बुडालं असतं. मी उठलो, खुंटीवरची शाल काढली, आणि अतिशय मायाळू आवाजात म्हणालो, “असू दे काका. वय झालं की होतं. आपलंच घर आहे.”

आणि ती शाल त्यांच्या कमरेला गुंडाळली. स्वतःच्या हाताने.

काका गेल्यावर वसईकर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बड़ा दिल है यार तेरा.”

बायको हॉलमध्ये आली तेव्हा मी गादी उन्हात टाकायला उचलत होतो. ऊन नव्हतं, तरी.

“ते मांजरीचं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तू काकांना शाल दिलीस.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “आता एक शब्द बोलू नकोस,” ती म्हणाली, “तुझ्या तोंडाची मला भीती वाटायला लागलीय.” आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झालीत. ती माझ्यावर चिडते, हसते, मला तोंडावर थापाड्या म्हणते. भीती वाटते असं कधी म्हणाली नव्हती.

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. बैठकीत त्यांच्याबद्दल फार कळवळ्याने बोलणं झालं. खुर्ची ठेवू या, वर रबराचं कापड घालू या, त्यांना कळणार नाही असं. ठाणेकर म्हणाला, “तू किती छान हँडल केलंस पण.” तिसऱ्या रविवारी बायकोने माझ्या हातात थालीपिठांचा डबा दिला. “जा. सांगून ये.”

काकांनी दार उघडलं. सून-मुलगा बाहेर गेले होते.

“बस. चहा टाकतो तुला.”

“तुम्हाला?”

“मी सोडला. बाहेर जायचं नसेल त्या दिवशी अर्धा कप घेतो सकाळी. पाणीही बेताचंच.” मग हसून म्हणाले, “अरे, झालं त्याचं काही नाही. होतं ते होतं. पण मला कळलंसुद्धा नाही रे! कळलं असतं तर उठलो नसतो का? ते न कळणं घाबरवतं. घरी येऊन पायजम्याचा वास घेतला. माझाच वाटला. माणसाला स्वतःचा संशय आला की वासही तसाच येतो.”

खाली औषधवाला आहे, पण पॅड आणायला ते दोन पॉकेट सोडून लांबच्या दुकानात जात होते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. हेही त्यांनी हसतच सांगितलं. मी चहा पीत होतो.

“तुझी मांजर बरी. दार लावून घेते.”

“ती... थोडी चुकायला लागलीय काका.” माझ्या तोंडून जेमतेम एवढं निघालं. खरं म्हणजे इथून पुढे एकच पाऊल होतं.

काका एकदम पुढे सरकले. “कुठे ठेवलाय तिचा ट्रे?”

मी सांगितलं.

“मशीन फिरत असतं तेव्हा?”

“तिथेच.”

“जायला-यायला एकच फट? वर झाकण? आत अंधार?” त्यांनी कप खाली ठेवला. “मी नसतो गेलो. अरे, मी हल्ली कुठेही गेलो की आधी बघतो संडास कुठे आहे, वाटेत काय आहे, कडी लागते का, आत असताना कुणी दार वाजवेल का. डोक्यात ही भीती असली की तिथे होत नाही, आणि मग नको तिथे होतं. आणि फिनेलचा वास तिला हवाय की तुला?”

“मला.”

“मग तू जाऊन बस त्या फटीत.”

मी हसलो. आभार मानले, रिकामा डबा घेतला आणि घरी आलो. त्यांच्याकडून माझ्या मांजरीचा इलाज घेऊन आलो आणि त्यांचा त्यांना दिला नाही. आजवर माझ्या हातून ज्या वाईट गोष्टी झाल्यात त्यांत गादी उलटी करणं मी दोन नंबरला धरतो. हा चहा एक नंबर.

बायकोला वाटलं मी सांगून आलो. मी तिला तसं वाटू दिलं.

ट्रे हॉलमध्ये आला, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, दोन्ही बाजूंनी मोकळा, झाकण काढलेला, साधी बिनवासाची वाळू. दुसरा झोपायच्या खोलीत. जुनी गादी टाकून दिली. फरशी आणि सोफ्याची खालची बाजू मांजरीच्या लघवीचा वास मुळापासून काढणाऱ्या द्रवाने धुतली, कारण वास उरला की ती पुन्हा तिथेच जाते. फिनेल बंद. ओरडणं बंद. मी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचो, एकच पान, तासन् तास. तिसऱ्या दिवशी मागून खरवडल्याचा आवाज आला. वाळू उकरणं, मग शांतता, मग पुन्हा वाळू. दोन आठवड्यांत एकही चूक नाही. ती फ्रिजमागून बाहेर येऊन खिडकीत बसू लागली. नोएडाच्या बाईंना फोन करून मी आधीच्या सगळ्या बिल्कुलांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “पहले बता देते तो दो दिन का काम था.”

बायको म्हणाली, “मांजर सुधारली. काका का येत नाहीत अजून?”

मी पेपरचं पान उलटलं. तिला तेवढं पुरलं. तिने माझ्यासमोर चपला आणून ठेवल्या.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे मी कोरडा होतो.”

“हो काका.”

“सहा आठवडे मी तहानलेला फिरतोय.”

मी वाकून पाय धरायला गेलो, त्यांनी पाय मागे घेतले. “मला सांगितलंस, मला कळलं. त्या दोघांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हातारा सारवासारव करतोय असं होईल. रविवारी येतो मी. जसं झालं तसं सांग. पदरचं काही घालू नकोस.”

नाही घातलं. रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट आहे तेवढ्याच लांबीची सांगितली. सांगून झाल्यावर वसईकर खो खो हसला.

“अच्छा! काकांसाठी स्वतःच्या मांजरीला बदनाम केलंस?”

“अरे, खरंच तिनेच केलं होतं.”

“तीन दिवसांत शिकलेली ना ती? दार ओढून घेणारी?” ठाणेकर म्हणाला. मग त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, टेन्शन नका घेऊ. आपल्यात कसली लाज?”

मी शपथ घेतली. ट्रे दाखवला. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं, तिने सगळं खरं आहे म्हणून सांगितलं. “वहिनीपण सामील!” वसईकर म्हणाला. दोघेही मनाने चांगले आहेत. माझ्याकडे असं बघत होते, जणू मी काहीतरी फार मोठं केलंय.

काका माझ्याकडे बघत होते. मग बायकोला म्हणाले, “पाणी दे गं. तांब्याच दे.” तांब्या त्यांनी सबंध संपवला. “आता चहा. मोठा कप.” चहा घेतला, पुन्हा पाणी मागितलं, आणि भिंतीकडच्या आपल्या कोपऱ्यात नव्या गादीवर मांडी घालून बसले. “वाटा पत्ते.”

पाच डाव झाले. दीड तास असेल. काकांचा एक पाय मधूनमधून हलत होता, पण ते उठले नाहीत. दोन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, त्यांनीच धरल्या. शेवटचा डाव संपल्यावर भिंतीला हात लावून उभे राहिले, आमच्याकडे पाठ केली, आणि सदऱ्याचा मागचा घोळ दोन्ही हातांनी कमरेपर्यंत वर उचलला.

“बघून घ्या,” म्हणाले.

आम्ही तिघांनी पाहिलं. पायजमा कोरडा होता. मग ते भिंत धरत धरत बाथरूमकडे निघाले, आणि त्यांना हात द्यायला मी उठेन म्हणून ते दोघे माझ्याकडे बघत राहिले. शाल घेऊन मी एकदा उठलो होतो; आता मला उठता आलं नाही.