बुधवारची माणसं

इतिहासाची सगळी पुस्तकं अपुरी आहेत असं छातीठोकपणे सांगणारा, आणि ती नेमकी कुठे अपुरी आहेत ते बोट ठेवून दाखवणारा विद्वान मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या शाळेची घंटा वाजवायचा. तलासरी तालुक्यातल्या त्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो त्याच दिवशी शिपाईमामांनी माझ्या हातातलं इतिहासाचं पुस्तक मागून घेतलं, अंगठा ओला करून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि परत देताना अतिशय सभ्यपणे म्हणाले, "याच्यात पन बुधा नाय, गुरुजी." मी नवखा. मला वाटलं, बुधा हे एखाद्या धड्याचं नाव असेल. विचारलं, "कोण बुधा?" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरकीची परीक्षा मी त्यांच्यापुढे दिली असती तर नक्की नापास झालो असतो. "कोन म्हंजे? कंचा सांगू? सात होऊन गेले. आठवी घरात वाढते हाय."

मामांचं स्वतःचंही नाव बुधाच. त्या बाजूच्या पाड्यांवर मुलाचं नाव ठेवायला पंचांग लागत नसे, वार माहीत असला की झालं. बुधवारी जन्मला तो बुधा, मुलगी असेल तर बुधी. शुक्रवारचा शुक्र्या, शनिवारचा सरळ शनवार. त्यामुळे एका पाड्यावर तीन-तीन, चार-चार बुधा सहज निघत. दुसऱ्या कुणाला यात अडचण दिसली असती. मामांना यात घराणं दिसलं. रक्ताचं नातं आईबाप लावून देतात, पण वाराचं नातं देवानंच लावलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर त्यांनी आपल्या नावाच्या थोर माणसांची यादी केली होती. जिवंत बुधापुढे हजर म्हणून 'ह' आणि मेलेल्यापुढे 'र'. मी विचारलं, हा 'र' कसला? तर म्हणाले, "रजेचा. गैरहजर कसा लिवू? सांगून गेलाय ना तो."

बुधा पहिला गोऱ्या साहेबाच्या काळातला. साहेब मोजणीला आला, त्यानं हातातली काठी समोरच्या टेकडीकडे करून नाव विचारलं. बुधाला वाटलं, काठी कशाची आहे ते विचारतोय. तो म्हणाला, "सागाची." मामांच्या मते सरकारी नकाशात ती टेकडी आजही सागाची म्हणूनच आहे, आणि तिच्यावर औषधालाही साग नाही. सरकारला एका शब्दात फसवणारा माणूस इतिहासात दुसरा दाखवा, असं त्यांचं आव्हान असे. बुधा दुसऱ्यानं पुरात सुईणीला खांद्यावर बसवून नदी पार केली, आणि त्या रात्री जे मूल सुखरूप जन्मलं तोच बुधा तिसरा. तिसऱ्यानं पुढे आयुष्यभर काहीच केलं नाही, पण त्याच्यासाठी एवढं झालं म्हणून त्यालाही यादीत जागा. चौथा घोलवडच्या वाडीत चिकू तोडायला जायचा. सालीवर नखानं हलका ओरखडा काढून फळ कधी पिकेल ते तो दिवस मोजून सांगे. त्याच्या हातची पेटी दिल्लीपर्यंत गेली तरी वाटेत एक फळ नासत नसे. पाचव्या-सहाव्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचे पराक्रम जंगलखात्याशी संबंधित आहेत आणि त्यांची नातवंडं आज सरकारी नोकरीत आहेत. सातवी कैनाडची बुधी. तिनं म्हणे सासरच्या मंडळींना पाडा सोडून जायला लावलं होतं, आणि स्वतः तिथेच राहिली होती.

यादीत प्रवेश मिळवणं मात्र सोपं नव्हतं. नाव बुधा आणि जन्म बुधवारचा, दोन्ही हवं. डहाणू रोडला बाजारात एक गुजराती कापडदुकानदार होते, त्यांना सगळे बुधाशेठ म्हणत. मामांच्या कानावर हे नाव गेलं तशी त्यांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन तिथे गेले. शेठनी आधी गिऱ्हाईक समजून गादीवर बसवलं, चहा मागवला, चार तागे उलगडले. मामांनी कापडाला हातही न लावता विचारलं, "शेठ, तुमचा वार कंचा?" शेठ चक्रावले. आत जाऊन म्हाताऱ्या आईला विचारून आले आणि म्हणाले, "रविवार. केम?" मामांचा चेहरा पडला. शेठ फार भला माणूस. सगळा प्रकार ऐकून घेऊन, नाव ते नाव, लिहून टाका, या अर्थी म्हणाले, "अरे भाई, नाम एटले नाम. लखी नाखो ने!" मामा म्हणाले, "नाय शेठ. उद्या कोनी बी येल." तेव्हापासून मामांनी कापड नेहमी त्याच दुकानातून घेतलं, पण शेठना मरेपर्यंत 'रविवारशेठ' म्हणूनच हाक मारली. शेठही ओ देत.

बुधवारी शाळेची घंटा एक टोला जास्त पडायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा टोले मोजले आणि हा जादा टोला कसला ते विचारलं. मामा म्हणाले, "साहेब, तो शाळेचा नाय. माझा हाय." साहेब हसत सुटले, शेऱ्यात काही लिहिलं नाही. मी एकदा विचारलं, "मामा, एवढी यादी केलीत, तुम्ही स्वतः कितवे?" ते म्हणाले, "मी मोजनारा."

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं. पुढचं लिहायचं आहे म्हणून दोन दिवस वही मिटून ठेवली होती.

मी त्या काळी सुधारणेच्या भरात होतो. शहरातून आलेला, सत्तावीस वर्षांचा, आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असलेला. शाळेत नाव घालायला मुलं आली की मी त्यांची नावं 'नीट' करून लिहीत असे. शुक्र्याचा सुरेश, शनवारचा शशिकांत, मंगळीची मनीषा. आईबाप समोर उभे असत, मी काय लिहितोय ते त्यांना कळत नसे, आणि कळलं तरी मास्तर लिहितोय म्हणजे बरंच लिहीत असणार असं त्यांना वाटे. मुलं पुढे शहरात गेली तर कोणी हसू नये, हा माझा हेतू. हेतू चांगला होता हे मी आजवर स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्यात मला फारसा दम वाटत नाही.

मामांच्या मुलीला पहिलीत घालायचा दिवस आला तेव्हा मामा बहिणीच्या घरच्या लग्नाला गेले होते. त्यांची बायको मुलीला घेऊन आली. नाव विचारलं. "बुधी," ती माउली म्हणाली. मी रजिस्टरात झोकदार अक्षरात 'वैशाली' लिहिलं. मामांना ही गंमत आवडेल, असंही कुठेतरी वाटलं असणार. तिसऱ्या दिवशी मामा आले, रजिस्टर टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव दाखवा ना, गुरुजी." मी पान उघडून दिलं. ते बोट ठेवून वाचू लागले. "वै... शा... ली. ही कोनाची?"

"तुमचीच, मामा."

त्यांनी ओळीवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "आठवी व्हती ती." मी त्यांना समजवायला गेलो. उद्या मुलगी शिकेल, मोठ्या गावात जाईल, लोक नावाला हसतील. "कोन लोक?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच कळून घ्यायला विचारलं. मला एकाही माणसाचं नाव सांगता येईना. मग ते म्हणाले, "माझ्या वहीत ती हायच. पन माझी वही वाचतो कोन? तुमचं रजिस्टर सरकार वाचते. एक तरी बुधी सरकारनं वाचावी, एवढंच व्हतं. बदला ना."

आणि मी म्हणालो, "रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, मामा."

ते खोटं होतं. लाल शाईनं रेघ मारून, वर बरोबर नाव लिहून, मुख्याध्यापकांची सही घेतली की काम होत असे. मी स्वतः त्याच महिन्यात दोन जन्मतारखा तशा दुरुस्त केल्या होत्या. पण मुख्याध्यापकांपुढे जाऊन 'मी मुलीचं नाव मनानं लिहिलं' असं सांगायची मला लाज वाटली. मामा ते रजिस्टर रोज कपाटातून काढत, फडक्यानं पुसत, परत ठेवत. त्यातली लाल शाई त्यांनी पाहिली नसेल असं मला वाटत नाही. पण गुरुजी चालत नाही म्हणाले म्हणजे चालत नसेल, असं धरून त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माझा चहा आणून ठेवायचे तसाच ठेवत राहिले.

मुलगी मात्र बापासारखीच चिकाटीची निघाली. शिकली, नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली. मामा आणि मी दोघेही निवृत्त झालो, मी डहाणू रोडला घर घेतलं. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी पुलावरून पाणी गेलं तेव्हा ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन एका पाड्यावर चालत गेली, दोन बाळंतपणं सुखरूप केली आणि चौथ्या दिवशी परत आली. वर्तमानपत्रात फोटो आला. मामा ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले. शर्ट इस्त्रीचा होता. कात्रण माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "छापून आली, गुरुजी." मी वाचलं. परिचारिका वैशाली. मी कात्रणाची घडी घालू लागलो. तेच म्हणाले, "फोटू माझ्या पोरीचा, नाव तुमचं."

रागानं म्हणाले असते तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. पण ते हसत होते. बसले, चहा प्याले, आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "नाव बदलते असा आयकलाय. कोरटाचा कागद करायचा, पेपरात द्यायचा. तुमी आलात बरोबर तर व्हईल. मला त्यातला कळत नाय." मी म्हटलं, नक्की जाऊ. पुढच्या बुधवारीच जाऊ. पुढच्या बुधवारी माझा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या बुधवारी पाहुणे होते. मग पाऊस, मग दिवाळी. मामांचे फोन येत, "गुरुजी, काय घाई नाय," म्हणून स्वतःच फोन ठेवत. मार्गशीर्षात ते गेले. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस होता.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी डहाणू रोड स्टेशनबाहेर भेटली. पालघरला कसल्याशा ट्रेनिंगला निघाली होती. गाडीला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. मी तिला सगळं सांगितलं, लाल शाईसकट. म्हटलं, "आपण उद्याच वकिलाकडे जाऊ. मी प्रतिज्ञापत्र करून देतो, चूक माझी होती असं लिहून देतो. तुझं खरं नाव कागदावर आणू." तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिचेही डोळे बापासारखेच, समोरच्याला लाज वाटू नये म्हणून दुसरीकडे बघणारे.

"राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "दवाखान्यात सगळे सिस्टर म्हणतात. सासरी वैशाली. आई होती तोवर आई आणि बाबा बुधी म्हणायचे, मग एकटे बाबाच. कागद बदलेल हो. पण आता त्या नावानं हाक कोण मारणार?"

गाडीची घोषणा झाली तशी ती उठली आणि गर्दीतून जिना चढू लागली. मी तिथेच बसून होतो. जरा वेळानं पाहिलं तर तिच्या जेवणाच्या डब्याची पिशवी बाकावरच राहिली होती. ती अजून दिसत होती, हाक मारली असती तर वळली असती. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि तिला कोणत्या नावानं हाक मारावी ते मला कळेना. मग पिशवी उचलून तसाच, दुखरा गुडघा घेऊन, न बोलता तिच्यामागून जिना चढू लागलो.