रीना खो मिळण्याआधीच उठायची

पिपरी मेघेत पौर्णिमाची पिठाची चक्की आहे. दिवसभर दळणं दळायची आणि संध्याकाळी भुवयांवरचं पीठसुद्धा न झटकता मैदानावर हजर व्हायचं, हा तिचा नेम. पोरींना खो-खो शिकवायला तिला कोणी सांगितलेलं नाही, त्याचे पैसेही कोणी देत नाही. तोंडानं फटकळ, पण पोरींवर जीव टाकते. गावच्या क्रीडा मंडळाच्या पोरी एकदा तरी जिल्हा जिंकून राज्यावर जाव्यात, एवढं एकच वेड तिच्या डोक्यात. यंदा ते अगदी हाताशी आलं होतं. जिल्ह्याचा अंतिम सामना उद्यावर आला होता, सेलूला, आणि कप्तान होती मयुरी, जिच्यासारखी पोर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

घोळ होता तो रीनाचा. गोंडाच्या घरची ही पोर पळायला लागली की कोणाच्या हाती लागत नसे. पण पाठलागाला रांगेत बसली की खो मिळण्याआधीच ताडकन उठायची. म्हणजे फाऊल. पौर्णिमानं समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, मैदानाला चकरा मारायला लावल्या. रीना मुकाट्यानं पळायची आणि परत तेच करायची. घरी आईशी गोंडी बोलते म्हणून बाकीच्या पोरी तिला हसतात, हे पौर्णिमाच्या कानावर आलं होतं. पोरी हसायच्याच, म्हणून तिनं ते सोडून दिलं. शहाणी बाई, पण इथं चुकली.

त्या संध्याकाळी भावनाचा पाय मुरगळला. रांगेत जागा रिकामी राहिली, तेव्हा पौर्णिमा ओढणी कमरेला खोचून स्वतःच भावनाच्या जागी बसली. खो-खोच्या रांगेत एकीचं तोंड इकडं, तर शेजारणीचं तिकडं. पौर्णिमा रोज कडुनिंबाखाली उभी राहायची, तिथून रीनाचा चेहरा दिसे. आज पहिल्यांदाच तिची पाठ दिसत होती.

मयुरी धावत आली. "खो!" असं खणखणीत ओरडली आणि रीनाच्या पाठीत, मणक्याच्या बाजूला, तिनं मूठ हाणली. शेजारी ताई बसली आहे याचंही भान तिला राहिलं नाही, इतकी त्या हाताला सवय झालेली. ताई शेजारी म्हणून रीना या वेळी आधी उठली नव्हती; ती कळवळली.

हा मार चुकवायलाच ही पोर आधी उठते, हे पौर्णिमाला तेव्हा उमगलं. ती उठली आणि शिट्टी वाजवली.

"काय केलं तू हे?"

मयुरी दचकली, पण लगेच सावरली. "खो जोरातच द्याचा असते नं ताई? तुमीच तर सांगता."

खरंच होतं. मयुरीचा खो कसा कडक असतो, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं पौर्णिमानंच कितीदा तरी म्हटलं होतं.

"हात लावायले सांगतलं होतं, मारायले नाई. उद्या तू खेळत नाई."

मयुरी रडायला लागली. तिला न्यायला आलेला तिचा बाप, मुकेश, मोटारसायकल तशीच टाकून मैदानात शिरला. उद्या सेलूला पोरींना न्यायचं ते त्याच्याच टेम्पोतून.

"पोरासोरायच्या खेळात असं होतच राह्यते, ताई. तिले काढलं तं हारान तुमी. अन् माह्या गाडीचंही मंग इसरून जा."

हरण्याची पौर्णिमाला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. "हारू," ती म्हणाली. "अन् एसटीनं जाऊ. सरावाले पाठवजो तिले, भाऊ. मी तिले टाकली नाई. पण हा हात सुधरल्याबिगर ती सामन्यात उतरत नाई."

मुकेश बडबडत मयुरीला घेऊन गेला.

पौर्णिमा पोरींकडे वळली. "हे कवापासून चालू आहे?"

बांधलेला पाय सरळ करत भावना बोलली, "पावसाळ्यापासून, ताई. मी बाजूलेच बसतो. रोज दिसे मले." आणि हुंदके देऊ लागली.

पौर्णिमा रीनासमोर मातीतच बसली. एवढ्या पोरींसमोर तिनं हात जोडले. "चुकलं माहं, रीना. मार तू खात होती अन् शिक्षाबी तुलेच देत होती मी. पण माय, एकदा मले सांगतलं काऊन नाई?"

रीनानं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि पौर्णिमाला तेच सहन झालं नाही.

"मले वाटे, तुमीच तिले सांगतलं असन," ती म्हणाली. "मी लवकर उठतो म्हणून."