केस नंबर चार

ती चौकी अठरा हजार फुटांवर होती. नाव लिहीत नाही. आम्ही सहा जण होतो आणि मी हवालदार, पोस्ट कमांडर. एक फायबरची झोपडी, एक रेडिओ सेट, एक ऑक्सिजन सिलिंडर, औषधांची पेटी. नर्सिंग असिस्टंट खालच्या चौकीवर, उतरायला अडीच तास. रोज सकाळी सहाला मी प्रत्येकाला तब्येत विचारायचो आणि साडेसहाला बेसला कळवायचो, ‘ऑल ओके’. याला तेरा वर्षं झाली.

त्या सहांत वऱ्हाडातले दोघेच. मी अकोल्याचा. दुसरा लान्स नायक विलास गोरडे, तिवस्याजवळचा. घरची फुलशेती. वय पंचवीस. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याने रजा मागितली होती. ती नामंजूर झाली. चौकीवर माणसं कमी होती, त्यामुळे शिफारस न करणारा मीच.

विलास आजारी पडला त्याच्या पंधरा दिवस आधी एका जवानाचं डोकं दुखलं म्हणून मी हेलिकॉप्टर मागवलं होतं. खाली गेल्यावर तो ठणठणीत निघाला. कंपनी कमांडर सेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “पोस्ट कमांडर हो या दाई?” ते मला लागलं होतं.

त्या दिवशी मी ‘ऑल ओके’ दिलं. दहा मिनिटांनी, सहा चाळीसला, विलास आला; सहाला तो पहाऱ्यावर होता, त्याला विचारायचं राहिलं होतं.

“उस्ताद, डोकं फुटून राह्यलं. रात्रीपासून झोप नाई.”

“पानी पी. गोळी घे. पड जरा.”

सव्वाअकराला तो पुन्हा आला. उलटी झाली होती. खोकला कोरडा होता. बाकीचे चौघं चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर बोललो, “रजा कापली म्हनून नाटक करून राह्यला काय बे?”

चौघं हसले. विलास हसला नाही. “नाई उस्ताद,” म्हणाला आणि झोपडीत जाऊन पडला. त्यानंतर तो मला काही सांगायला आला नाही.

आकाश त्या वेळी साफ होतं. हेलिकॉप्टर येऊ शकलं असतं.

तीन वाजता तो लघवीला बाहेर निघाला आणि दारुड्यासारखा झोकांड्या खात बर्फात पडला. ओठ निळे. तोंडाला गुलाबी फेस. मी ऑक्सिजन लावला आणि सेट घेतला.

“बेस, चार्ली वन. मरीज सीरियस है. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर.”

“चार्ली वन, बेस. बादल है. उड़ान नहीं होगी. नीचे उतारो. कब से बीमार है? ओव्हर.”

मी सेटचं बटण दाबलं. मग म्हणालो, “अभी बताया उसने. ओव्हर.”

एकाला सेटवर ठेवून आम्ही चौघांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून उतरवलं. सिलिंडर संपला. पाच चाळीसला तो गेला. खालची चौकी दोनशे मीटरवर होती. नर्सिंग असिस्टंट आमच्याकडे वर धावत येत होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी लेखी बयान दिलं. मरीजाने पंधराशे वाजेपर्यंत, म्हणजे दुपारी तीनपर्यंत, काही कळवलं नाही. खाली सही केली. चौघंही माझ्यामागे तेच बोलले. विलासच्या पार्थिवासोबत दुसरा कोणी गेला. मी तिवस्याला कधी गेलो नाही. अकोल्याहून एसटीने साडेतीन तास लागतात.

आता मी जठारपेठेत राहतो. एका बँकेत गार्ड आहे. मागच्या वर्षी एक दिवस फोन आला.

“विलासचे पोस्ट कमांडर तुमीच नं? मी त्याची मोठी बहीन. रेखा. एक कागद आला आमच्याकडं, घरच्यांची परवानगी मांगाले. सैनिकांच्या तब्येतीवर कॉन्फरन्स होऊन राह्यली, ऑनलाइन. त्यात विलासवर बोलणार हायेत. मले इंग्रजी समजत नाई. तुमी तिथं होते. मले समजावून सांगा.”

मी म्हणालो, ड्युटी आहे.

“सुट्टी टाका,” ती म्हणाली. “माह्या भावाले तर भेटली नाई.”

ती शनिवारी सकाळी दारात उभी राहिली. अमरावतीत गाडी बदलून आली होती. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली. माझ्या बायकोने, निर्मलाने, चहा पुढे केला. तिने कप उचलला नाही. मुलीचा लॅपटॉप मी टेबलावर मांडला. आम्ही शेजारी बसलो. मधे एक हात अंतर.

दहाला परिषद सुरू झाली. छोट्या चौकोनांत डॉक्टर, प्राध्यापक, काही माजी सैनिक. आधी एक पेपर झोपेवर झाला. दुसरा पाठदुखीवर. एक बाई पुण्याहून, एक माणूस परदेशातून. आमच्या दुखण्यांचे रंगीत तक्ते बघून मला राग येत होता. मी रेखाला काहीच समजावत नव्हतो. तीही विचारत नव्हती.

अकरा वाजता एक निवृत्त कर्नल बोलायला आले. उंचीवरच्या आजारांवर पेपर होता, जुन्या फायलींवरून केलेला. मी त्यांना आवाजावरून ओळखलं. तेव्हा ते बेसवर मेजर डॉक्टर होते. पाच केस होत्या, नावं झाकलेली. चौथ्या केसला रेखा पुढे झुकली. वय, महिना, चौकीची उंची सगळं तेच.

“काय म्हनून राह्यला तो?”

मी सांगितलं, “जवानाने आजार लपवला म्हणतात. वेळेवर सांगितलं असतं तर वाचला असता. जवान दुखणं सांगायला लाजतात, त्यांना शिकवलं पाहिजे, असं म्हणतात.”

“म्हंजे चूक त्याचीच.”

मी लॅपटॉपचा आवाज कमी केला.

“माय आमची मरेपर्यंत हेच बोलत होती,” रेखा म्हणाली. “फोटोसमोर बसे. बोलला कावून नाई रे, म्हने. रडत नोती. भांडे त्याच्याशी. शेवटी शेवटी तं फोटो उलटा करून ठेवे.”

निर्मला दाराशी उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी इतक्या वर्षांत तिला सांगितलं नव्हतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी माइक चालू केला.

“सर, केस नंबर चार. मैं उस पोस्ट का कमांडर था. जवान ने रिपोर्ट किया था. दो बार.”

संचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, प्रश्न कृपया चॅटमध्ये लिहा.

“प्रश्न नहीं है, मॅडम. बयान है.”

कर्नल चष्मा काढून स्क्रीनजवळ आले. त्यांचा आवाज चढला. “फाइल में पोस्ट कमांडर का सिग्नेचर है. साफ़ लिखा है, पंद्रह सौ से पहले कोई रिपोर्ट नहीं. आप इतने साल बाद यहाँ क्या साबित करना चाहते हैं?”

“सिग्नेचर मेरा है, सर. बयान झूठा है. उसने छह चालीस पे बताया. फिर सवा ग्यारह पे. मैंने सबके सामने उसका मज़ाक उड़ाया. इसलिए तीसरी बार वो आया नहीं.”

एका चौकोनात कोणीतरी कॅमेरा बंद केला. मग बाई म्हणाल्या, धन्यवाद, यावर नंतर वेगळं बोलू. माझा माइक त्यांच्याकडून बंद झाला. पुढचा पेपर माजी सैनिकांमधल्या मधुमेहावर होता.

मी लॅपटॉप मिटला. रेखाकडे बघवत नव्हतं.

“पह्यल्यांदा किती वाजता?”

“सहा चाळीस.”

“काय म्हनला?”

मी सांगितलं. दुसऱ्यांदाचंही सांगितलं, माझ्या तोंडच्या शब्दांसकट. तिने पिशवीतून तो कागद काढला आणि त्याच्या मागे लिहून घेतलं. हळू लिहीत होती. मधे एकदा थांबून विचारलं, “हासले कोन कोन?” मी चार नावं दिली. तीही तिने लिहिली.

मग ती उठली. मी हात जोडले.

“हात नका जोडू,” ती म्हणाली. “माफी मांगाले जिची मांगाची ती गेली दोन वर्सं झाले. मी तं देनार नाई तुमाले. तुमाले लई हलकं वाटून राह्यलं असन आता, पन माही माय तशीच गेली नं.”

दारातून ती परत वळली. “येत्या महिन्यात त्याची तिथी हाये. गावच्या शाळेत कार्यक्रम करतो आमी. तिथं या अन् हेच बोला. मराठीत बोला. तिथल्या लोकाइनं आइकलं पायजे.”

ती गेल्यावर निर्मलाने चहाचा भरलेला कप मोरीत ओतला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या पलटणीतल्या सुभेदारसाहेबांचा फोन आला. मुडदे उकरून युनिटचं नाव कशाला खराब केलं, म्हणाले. कोर्टात खेचतील, पेन्शनवर येईल. मी म्हणालो, येऊ द्या साहेब. त्यांनी फोन आपटला. त्या हसणाऱ्या चौघांपैकी एकानेच मेसेज केला. त्यात शिवी होती. कर्नलसाहेबांची दोन ओळींची मेल आली. सगळं लेखी पाठवा. मी पाठवलं.

पुढच्या महिन्यात मी तिवस्याला गेलो. शाळेच्या मैदानात दीड-दोनशे माणसं होती. स्टेजवर विलासचा फोटो होता आणि त्याला घरच्याच शेतातल्या शेवंतीचा हार. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी तोफा, शत्रू, बलिदान असं बरंच काही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी वेळा सांगितल्या, तो काय बोलला ते सांगितलं आणि मी काय बोललो तेही.

पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि स्टेजखाली येऊन थुंकला. दोन पोरं माझ्या अंगावर आली. रेखाने त्यांना अडवलं. “राहू द्या,” म्हणाली, “याले पुरं बोलू द्या.”

मी पुरं बोललो.

“लान्स नायक विलास गोरडे हा माझ्या चौकीवरचा सगळ्यांत शिस्तीचा जवान होता. कोणी आजारी पडलं की त्याच्या वाट्याची ड्युटी न सांगता करायचा. आईचं पत्र आलं की आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा, फुलांच्या भावासकट. त्या दिवशी त्याला त्रास झाला आणि त्याने आपल्या कमांडरला वेळेवर कळवलं. जवानाने जे करायचं असतं ते त्याने केलं होतं.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फोटोला सॅल्यूट केला आणि स्टेजवरून उतरलो.