नऊ इंचांची दुरुस्ती

सोळा जानेवारी, गुरुवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. फोन वाजला तेव्हा मी आनंद नगरच्या घरी दाढी करीत होतो. "भावजी, हे उठत नाहीत," पलीकडून सुमतीवहिनी म्हणाल्या. आवाज स्थिर होता. मग, "हात गार लागतोय... तुम्ही या." अर्ध्या चेहऱ्यावरचा साबण पुसून मी सोनागिरीला त्यांच्या घरी निघालो. सदाशिव करमरकर झोपेतच गेले होते. त्याला आता पाच आठवडे झाले.

करमरकर कारखान्याच्या वसाहत विभागात आरेखक होते आणि मी त्याच विभागात बांधकामावरचा अभियंता. ते कागदावर घर काढीत, मी ते जमिनीवर उभे करी. ओळख चाळीस वर्षांची, तरी अखेरपर्यंत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच केले. "तुमची भिंत पडली तर सिमेंटला दोष देता येतो," ते मला म्हणत, "माझी रेघ चुकली तर कुणाच्या नावाने ओरडू?" त्यांची रेघ चुकल्याचे मी पाहिले नाही. वसाहतीतल्या ज्या क्वार्टरमध्ये ते सव्वीस वर्षे राहिले, त्याचा नकाशाही त्यांच्याच हातचा होता.

त्या क्वार्टरमध्येच वहिनींची दृष्टी गेली. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला. पण घर पायांना पाठ होते. खाटेवरून उठायचे, आठ पावले चालायचे, नववे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे टाकायचे. हातात काठी नाही, भिंतीला हात नाही. माझ्यासमोर चहाचा कप त्याच आणून ठेवीत आणि मी उचलला नाही तर विचारीत, "भावजी, साखर कमी पडली का?" करमरकर निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा प्रश्न घराचा नव्हता. सोनागिरीचे छोटे घर घेऊन झाले होते. प्रश्न त्या आठ पावलांचा होता. नव्या घराच्या भिंती हलणार नव्हत्या. हलणार होते ते सामान, आणि ते असे लावायचे की वहिनींना घर बदलल्याचे पायांना कळू नये.

करमरकरांनी आधी ट्रेसिंग कागद घेतला. खाट इकडे, कपाट तिकडे, खोडा, पुन्हा काढा... ब्लेडने खरवडून कागदाला भोके पडली. तेव्हा वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी मुलीने दिलेला जुना संगणक उघडला आणि नकाशे काढण्याचे प्रोग्राम तपासायला घेतले, एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसे. पहिला कचेरीत वापरात होता तोच. "ह्याला सगळे येते, म्हणून हा सगळे विचारतो," म्हणून तो बाजूला पडला. दुसऱ्यात घर क्षणात उभे राही, रंगीत सोफे आणि कुंड्यांसकट. करमरकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुंडी कुणी मागितली होती हो? ह्याने अजून भिंतीची जाडी विचारलेली नाही. जो जाडी विचारत नाही त्याला घर कळत नाही." तिसरा अगदी साधा, फुकटचा. त्यात भिंतीची लांबी आणि जाडी आकड्यांत भरता येई, आणि मुख्य म्हणजे एका नकाशावर दुसरा ठेवता येई. जुने घर फिक्या लाल रेघेत, नवे काळ्या. दोन्ही उंबरठे एकावर एक आणून ठेवले की जुन्या खाटेच्या जागी नवी खाट सरकवायची, एवढेच काम. तो त्यांनी ठेवला. तीन आठवडे माउस धरून बसले. बोटे रोटरिंगच्या आरेखन-पेनाला सरावलेली, माउसला ते टोकाशी चिमटीत धरीत.

नव्या घरात पहिल्याच सकाळी वहिनी पडल्या. आठवे पाऊल उंबरठ्यावर आदळले. मनगट मुरगळले. "इथे अजून अर्धे पाऊल होते आपल्याकडे," त्या म्हणाल्या. करमरकरांनी सारे आकडे तपासले. नकाशा बरोबर होता. शेवटी ते नको ते बोलले, "तुझी पावले लांबली असतील." त्यानंतर वहिनी एकट्या उठेनाशा झाल्या. मी गेलो तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, आणि चहा करमरकरांनी केला होता.

चूक कुठे आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. जुन्या क्वार्टरची ती रांग बांधताना पायाच्या खोदाईत जुनी जलवाहिनी लागली, तेव्हा स्वयंपाकघराची भिंत मी नऊ इंच मागे घेतली; पुढची खोली तेवढी लांबली. तोंडी हुकूम दिला. काम संपल्यावर नकाशा दुरुस्त करून आरेखन विभागाला कळवायचे असते. पुढची रांग उभी करायची होती. मी कळवले नाही. आणि करमरकरांनी क्वार्टर सोडताना एकदाही टेप लावली नाही, स्वतःच्या नकाशावरूनच आकडे उचलले. आपण काढलेल्या घराला कोण टेप लावतो?

त्या दिवशी मी चहा पिऊन परतलो. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण ते खरे आहे. सांगायला मला आठ दिवस लागले.

ऐकून करमरकरांनी संगणकावरच्या नकाशात ती भिंत बोटाने शोधली. "म्हणजे सव्वीस वर्षे मी दुसऱ्याच घरात राहिलो," ते म्हणाले. मग, "कागद संपले होते का हो तुमच्याकडे?" एवढेच. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी वहिनींना सांगितले, "तुझी पावले बरोबर होती. माझी रेघ चुकली." माझे नाव त्यांनी घेतले नाही. ते मी आत जाऊन सांगितले. वहिनी म्हणाल्या, "बरे झाले. मला वाटले, पायही गेले."

दुपारी आम्ही दोघे टेप घेऊन जुन्या क्वार्टरवर गेलो. तिथे आता एक तरुण इंजिनियर राहत होती. "अंकल, क्या नाप रहे हैं? दीवार तोड़ने वाले हैं क्या?" तिने दारातच विचारले. "नहीं बेटी," करमरकर गुडघ्यावर बसत म्हणाले, "साथ ले जा रहे हैं।" नऊ इंच निघाले, वर एक सूतही नाही. संध्याकाळपर्यंत खाट मागे सरकली होती. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांनी 'दुरुस्ती १, जागेवरील मोजमापानुसार' असे भरले आणि 'तपासले' या रकान्यात माझी आद्याक्षरे मलाच टंकायला लावली.

सोळा जानेवारीला स्मशानातून परतलो तेव्हा चार वाजले होते. मुलगी नागपूरहून अजून पोहोचायची होती. भेटायला येणाऱ्यांनी खाट भिंतीशी उभी केली होती, टेबल दारात आले होते. आणि जिथे करमरकरांना ठेवले होते, त्या जागी जमिनीवर दिवा तेवत होता. बरोबर वहिनींच्या वाटेत. मी वाकलो तशा शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "अहो, दहा दिवस तो हलवायचा नसतो." वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या, भावजी. मी बसून राहीन."

बसून राहीन... हे मी एकदा पाहिले होते.

संगणक सुरू केला. ती फाइल त्यांच्याशिवाय मी प्रथमच उघडत होतो. त्या प्रोग्रामात दिव्याचे चिन्ह नाही. सहा इंचांचे वर्तुळ काढले. खाट पूर्वेच्या भिंतीला फिरवली, उंबरठ्यापासूनचे अंतर तेच राखले, दिवा न हलवता तो वाटेपासून अडीच फूट डावीकडे राहील असे पाहिले. मग तसे सामान लावले आणि टेप धरली. वहिनी खाटेवर येऊन बसल्या, मग उठल्या. माझा हात त्यांनी बाजूला केला. आठ पावले चालल्या, नववे पाऊल उचलून उंबरठ्यापलीकडे टाकले. आतून म्हणाल्या, "पाणी आणू का तुम्हाला?"

मी पाणी प्यायलो. चौकटीत 'दुरुस्ती २' लिहिले. 'तपासले' खाली माझी आद्याक्षरे टाकली. 'काढले' या रकान्यात प्रोग्राम आपोआप 'स. क.' भरतो. ते तसेच ठेवले. फाइल सेव्ह केली, टेप पुसून गुंडाळली आणि त्यांच्या खणात जागेवर ठेवली.